नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

अगं बयो,

काल रात्री साडेअकराला तुझा फोन आला आणि तिकडून शब्दच फुटेना, नुसते हुंदके, तेव्हा माझ्या पोटात धस्स झालं. वाटलं, चिऊला काही झालं. मग हळूहळू कळलं की चिऊ तुझ्याच मांडीवर गाढ झोपली आहे, ताप उतरलाय, संध्याकाळी तिनं वरणभातही खाल्लाय, आणि तू रडतेस ती एका कागदापायी.

तो कागद तू मला पाठवलास. मी तीनदा वाचला. बावीस वर्षं लॅबमध्ये असेच कागद तयार करतेय, त्यामुळे कुठे बघायचं ते डोळ्यांना सवयीनं कळतं. तू मात्र एकच ओळ वाचलीस. ‘कोरोनाव्हायरस ओसी४३ : आढळला.’ त्यातलाही पहिलाच शब्द वाचलास, कागदाची घडी केलीस आणि कपाटात साड्यांखाली सारलीस. सासूबाईंना सांगितलं नाहीस, नवऱ्याला सांगितलंस ते ‘कुणाजवळ बोलू नका’ अशी शपथ घालून. आणि मला एकच विचारत राहिलीस, ‘ताई, पुन्हा तेच सगळं सुरू होणार का गं?’

फोनवर मी तुला ‘काही नाही होत, झोप आता’ म्हणून गप्प केलं. ते माझं चुकलं. लहानपणी तू माजघरातल्या अंधाराला भ्यायचीस तेव्हाही सगळे हेच म्हणायचे आणि तुझी भीती तसूभरही हलायची नाही. मी हाताला धरून आत न्यायची, दिवा लावायची, कोपऱ्यातलं पोतं दाखवायची, मग तू सुटायचीस. म्हणून पहाटे उठून हे लिहायला बसले आहे. चहा घेऊन निवांत बस आणि वाच.

आधी तो कागद साड्यांखालून काढ. चिऊची घरघर बघून डॉक्टरांनी तिला एक दिवस ठेवून घेतलं आणि नाकातला स्वॅब घेतला. त्या एका स्वॅबवर दीड-दोन डझन जंतू एका दमात तपासतात. आमच्यात त्याला रेस्पिरेटरी पॅनेल म्हणतात. फ्लू, आरएसव्ही, ॲडिनो, ऱ्हायनो अशी लांबलचक यादी असते. त्या यादीत तुझ्या ओळीच्या खाली बोट ने. ‘सार्स-कोव्ह-२ : आढळला नाही’ असं लिहिलेलं दिसेल. २०२० साली ज्यानं जगाला घरात कोंडलं तो हा. तो चिऊच्या नाकात नाही. जो सापडला तो त्याच्या भावकीतला, पण फार जुना आणि बहुतेक वेळा पडशावर भागवणारा.

कोरोना हे आडनाव आहे गं, नाव नाही. इथंच सगळा घोटाळा झालाय. आपल्या गावात एका आडनावाची चाळीस घरं आहेत. त्यातल्या एकानं कुणाचं शेत लुबाडलं म्हणून बाकीच्या एकोणचाळीस घरांवर आपण खटला भरतो का? माणसाला त्रास देणारे या घराण्यातले सातजण आजवर माहीत झाले आहेत. त्यातले तिघे जहाल. पहिला सार्सचा, २००२ च्या शेवटी चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातून निघालेला. आठ हजारांवर माणसं आजारी पडली आणि ७७४ दगावली, पण काही महिन्यांत तो आटोक्यात आला. दुसरा मर्सचा, २०१२ साली सौदी अरेबियात सापडलेला, उंटांकडून माणसांत येणारा. तिसरा २०१९ चा, ज्याला आपण दोघी कधी विसरणार नाही. उरलेले चार म्हणजे २२९ई, एनएल६३, एचकेयू१ आणि तुझा हा ओसी४३. जगातल्या सर्दी-पडशांपैकी दहा ते तीस टक्के दुखणी या चौघांची धरतात. बहुतेक माणसांना ते लहानपणीच गाठतात. तुलाही झालेत, मलाही झालेत. आपल्या नाकाला आई निलगिरीचा रुमाल बांधायची त्यातली कितीतरी पडशी यांचीच असतील. आणि त्यांच्याविरुद्धची प्रतिकारशक्ती फार दिवस टिकत नाही, म्हणून ते पुन्हा पुन्हा येतात.

ओसी४३ हे नाव ऐकायला एखाद्या बॉम्बसारखं वाटतं, तेही सोडवून सांगते. अमेरिकेत बेथेस्डाच्या सरकारी संशोधन संस्थेत केनेथ मॅकिन्टॉश आणि त्यांचे सहकारी सर्दीच्या रुग्णांचे नमुने तपासत होते. हा विषाणू नेहमीच्या पेशींवर वाढेना, तेव्हा त्यांनी श्वासनलिकेचे छोटे तुकडे जिवंत ठेवून त्यांच्यावर तो वाढवला. या पद्धतीला ऑर्गन कल्चर म्हणतात. त्याची आद्याक्षरं ओ आणि सी, आणि नमुना त्रेचाळिसावा. झालं नाव. १९६७ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. म्हणजे हा पाहुणा आपल्या आईच्या लग्नाआधीपासून वैद्यकाच्या वहीत नोंदलेला आहे.

आता आडनावाची गोष्ट. ही मला तुला मन लावून सांगायची आहे, कारण तिच्यात एक बाई आहे, आणि ती माझ्यासारखीच टेक्निशियन होती.

जून हार्ट तिचं नाव. १९३० साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत जन्मली. वडील बस चालवायचे. ती दहा वर्षांची असताना सहा वर्षांचा धाकटा भाऊ घटसर्पानं गेला. शाळेत हुशार होती, पण विद्यापीठात पाठवायला घरात पैसा नव्हता. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि ती ग्लासगोच्या हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन म्हणून लागली. आठवड्याला पंचवीस शिलिंग पगार. काचपट्ट्यांवर उतींचे पातळ काप लावायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे. मीही हेच करत वाढले, बयो. म्हणून तिच्याबद्दल वाचलं की मला माझ्याच घरातलं कुणी वाटतं.

पुढे ती लंडनला आली, एन्रिकेस अल्मेडा या व्हेनेझुएलाच्या चित्रकाराशी लग्न केलं, दोघं कॅनडाला गेली. टोरांटोतल्या कॅन्सर संस्थेत तिच्या हाती इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप आला. साध्या सूक्ष्मदर्शकाला विषाणू दिसत नाही. एका केसाच्या जाडीवर सातआठशे कोरोनाव्हायरस शेजारी शेजारी बसतील, इतके ते बारके. इलेक्ट्रॉनच्या झोतातही तो नुसता ठेवला तर धूसर डाग दिसतो. मग करायचं काय? आपण दिवाळीत काय करतो ते आठव. फरशीवर पांढरी रांगोळी उठत नाही, म्हणून आधी गेरू सारवतो. तसंच आहे हे. जड धातूच्या क्षाराचं द्रावण त्या कणांभोवती पसरायचं. पार्श्वभूमी काळी होते आणि विषाणू त्यावर पांढरा उमटतो, काठांसकट, टोकांसकट. या कामात जूनचा हात बसला होता. शिवाय तिनं आणखी एक युक्ती चालवली. बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातली प्रतिपिंडं नमुन्यात सोडायची. ती त्या विषाणूंना बरोबर हुडकून एकत्र गोळा करतात, आणि विखुरलेले कण घोळक्यानं सापडतात.

१९६४ साली ती लंडनला परतली, सेंट थॉमस हॉस्पिटलच्या वैद्यकीय शाळेत. तिकडे सॉल्झबरी गावाबाहेर एक अजब संस्था होती, कॉमन कोल्ड युनिट. १९४६ पासून १९९० पर्यंत चालली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी उभारलेल्या हॉस्पिटलाच्या इमारती, आणि तिथं सर्दी करून घ्यायला लोक आपणहून दहा दिवस राहायला यायचे! नाकात थेंब सोडायचे आणि सर्दी होते का ते बघायचं. राहायला, जेवायला फुकट, वर थोडा हातखर्च. डेव्हिड टिरेल हे तिथले प्रमुख. त्यांच्याकडे १९६० साली सरे परगण्यातल्या एका निवासी शाळेतल्या मुलाच्या नाकाचं धुवण आलेलं होतं. नमुन्याला क्रमांक पडला होता बी८१४. त्यानं स्वयंसेवकांना सर्दी होई, पण नेहमीच्या पेशींवर तो काही केल्या वाढत नव्हता. शेवटी श्वासनलिकेच्या तुकड्यांवर वाढला, पण दिसतो कसा हे कुणालाच ठाऊक नव्हतं. टिरेलनी तो नमुना, ओळखीच्या विषाणूंच्या नमुन्यांबरोबर, लंडनला जूनकडे पाठवला.

जूननं पाहिलं आणि तिला ओळख पटली. असेच गोल कण तिनं आधी दोनदा पाहिले होते. एकदा कोंबड्यांच्या ब्राँकायटिसच्या नमुन्यात आणि एकदा उंदरांच्या यकृतदाहाच्या. तेव्हा तिनं त्यावर निबंध लिहून पाठवलाही होता. तो परत आला. तपासणाऱ्यांचं म्हणणं, हे काही नवं नाही, फ्लूच्याच विषाणूचे वाईट आलेले फोटो आहेत. मला विचारशील तर या सगळ्या गोष्टीत इथं माझा जीव अडकतो. शिक्षण अर्धवट सुटलेली बाई, डोळ्यांनी स्पष्ट दिसतंय ते सांगतेय, आणि मोठी माणसं म्हणताहेत की तुझे फोटो खराब आहेत. तिनं ते फोटो टाकून दिले नाहीत. नवा नमुना आला तेव्हा ते शेजारी ठेवून दाखवता आले.

मग प्रश्न आला, या तिघांना मिळून म्हणायचं काय? जून, टिरेल आणि जूनचे प्रमुख वॉटरसन बसले. प्रत्येक कणाभोवती चहूबाजूंनी टोकाशी फुगीर असलेल्या काड्यांची झालर होती, कणाला वलय असावं तशी. शब्दकोश काढला. लॅटिनमध्ये मुकुटाला, डोक्यावर घालायच्या पानाफुलांच्या चक्राला कोरोना म्हणतात. लॅटिननं तो शब्द ग्रीकमधून उचललेला. आणि सूर्याभोवतीच्या तेजोवलयालाही खगोलशास्त्रात तेच नाव आहे. १९६८ च्या नोव्हेंबरात ‘नेचर’मध्ये आठ शास्त्रज्ञांच्या सहीनं छोटंसं टिपण आलं, की या विषाणूंच्या कडेची झालर सूर्याच्या कोरोनाची आठवण करून देते, म्हणून यांना कोरोनाव्हायरस म्हणावं. त्या आठांत जूनचं नाव आहे.

सूर्याचा कोरोना म्हणजे आपलं प्रभामंडल. तू तो पाहिलायस, विसरली असशील. १९९५ ची दिवाळी. लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण होतं. आजीनं फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवली होती आणि तुला खिडकीशी फिरकू देत नव्हती. तू नऊ वर्षांची. आपण दूरदर्शनसमोर बसलो होतो आणि उत्तरेतलं खग्रास ग्रहण थेट दाखवत होते. सूर्य पूर्ण झाकला गेला, मधे काळी चकती उरली आणि तिच्याभोवती चंदेरी, रेशमाच्या सुट्या धाग्यांसारखं तेज पसरलं. तू टाळ्या पिटून ओरडलीस, ‘ताई, सूर्यानं मुकुट घातला!’ तुला लॅटिन येत नव्हतं, शब्दकोश नव्हता, आणि तू त्याला तेच नाव दिलंस.

मला स्वतःला मुकुटापेक्षा कदंबाचं फूल जवळचं वाटतं. आमच्या लॅबच्या आवारात कदंब आहे, सध्या फुलांनी लगडलाय. काल पावसात पडलेलं एक उचलून आणलं आणि टेबलावर ठेवलं. लिंबाएवढा केशरी-पिवळा चेंडू, त्यातून सगळ्या अंगानं पांढरट काड्या बाहेर आलेल्या, प्रत्येकीच्या टोकाला बारीक बोंड. हुबेहूब तोच आकार. विषाणूच्या त्या काड्या म्हणजे त्याच्या किल्ल्या. पेशीच्या दारावरच्या कुलपात काडी बसली की तो आत शिरतो. आणि ज्या गोळ्यात त्या काड्या रुतलेल्या असतात, ती नुसती चरबीची पातळ पिशवी असते. तेलकट कढई साबणानं कशी सुटते? तशीच ही पिशवी साबणानं फुटते आणि आतला ऐवज निकामी होतो. म्हणून वीस सेकंद हात धुवा, वीस सेकंद हात धुवा, असं आम्ही घसा कोरडा करत होतो. चिऊला हे फूल दाखवून सांग. तिला ‘हात धू’ म्हणून दहादा ओरडावं लागणार नाही.

तर बयो, हे नाव असं ठेवलं गेलं. बारशाला ठेवतात तसं. बाळाच्या अंगावर काय दिसतं, कोणाच्या वळणाचं आहे ते निरखून. त्या नावात शिवी नव्हती, दहशत नव्हती. ती आपण भरली. आपल्या भाषेत एका अनुस्वाराचा फरक आहे बघ. नाव ठेवणं आणि नावं ठेवणं. २०२० साली आपण दुसरंच करत बसलो.

तुझ्या दारात ते झालं म्हणून तू काल रडत होतीस, हे मला न सांगता कळलं. त्या वर्षीच्या जून महिन्यात तुझ्या नवऱ्याचा रिपोर्ट आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तुमच्या विंगच्या जिन्याला पत्रे ठोकले. तू मला फोनवर तो हातोड्याचा आवाज ऐकवला होतास. मी इकडे साताऱ्यात पीपीई किट घालून घामानं निथळत उभी, आणि जिल्ह्याची हद्द ओलांडून तुझ्यापर्यंत येता येत नव्हतं. दूधवाला पिशवी गेटवर टाकून पळायचा. ज्या बाईंच्या मुलाला तू दोन वर्षं फुकट गणित शिकवलंस, त्यांनी गॅलरीतून तुला बघून खिडकी लावून घेतली. सोसायटीच्या ग्रुपवर तुमच्या घराला नंबरानं नव्हे, ‘कोरोनावाले’ म्हणून ओळखू लागले. सगळं बरं झाल्यावरही गणपतीच्या आरतीला तुम्हाला बोलावणं आलं नाही. हे मी विसरले नाही. विसर असं तुलाही सांगणार नाही.

पण त्यातली एक गोष्ट आपण दोघींनी कधी बोलून घेतली नाही. तुझ्या सासूबाई चार दिवस खोकत होत्या आणि तोंडात पदर कोंबून खोकत होत्या. शेजारी ऐकतील म्हणून. अंगात ताप होता तो कुणाला कळू दिला नाही, कारण आधीच तुमच्या दाराला डाग लागलेला, त्यात आपली भर नको. पाचव्या दिवशी ओठ निळसर झाले तेव्हा तुम्हाला कळलं. अकरा दिवस ऑक्सिजनवर होत्या. वाचल्या हे नशीब. त्या चार दिवसांत त्यांच्या फुप्फुसांचं जे नुकसान झालं ते विषाणूनं केलंच, पण त्याला चार दिवसांची मोकळीक कुणी दिली? त्या एका शब्दाच्या लाजेनं दिली. आज तू तो कागद साड्यांखाली ठेवलास तेव्हा मला पदर तोंडात कोंबलेल्या त्या माउली दिसल्या.

नावानं माणसं दुखावतात, हे डॉक्टरांच्या जगालाही उशिरा का होईना उमगलं आहे. पूर्वी विषाणू जिथं सापडला त्या गावाचं नाव त्याला देऊन टाकायचे. आपल्या नागपूर जिल्ह्यातलं चांदीपुरा माहीत आहे का तुला? १९६५ साली तिथल्या तापाच्या रुग्णांत पुण्याच्या विषाणू संस्थेला एक नवा विषाणू सापडला, त्याचं नाव चांदीपुरा. आजही गुजरातेत लहान मुलं त्यानं दगावली की वर्तमानपत्रात त्या बिचाऱ्या गावाचं नाव येतं. त्याआधी १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात माकडं मरू लागली, माणसं तापानं फणफणू लागली. तो विषाणूही याच संस्थेनं हुडकला आणि त्याला त्या जंगलाचं नाव पडलं. आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्गकडे तो आला तेव्हा लोकांनी साधं नाव घेतलं, माकडताप. कोंबड्यांच्या एका रोगाला इंग्रज न्यूकॅसल म्हणतात, सरकारी पशुवैद्य राणीखेत म्हणतात, दोन्ही गावांची नावं. पोल्ट्रीवाला माणूस मात्र मान वाकडी होते ते बघून मानमोडी म्हणतो. मला आपलं हेच आवडतं. रोगाचं लक्षण सांगावं, कुणाचं गाव कशाला?

प्राण्यांची नावंही बाधतात. २००९ मध्ये स्वाइन फ्लू म्हटलं आणि इजिप्तमध्ये हजारोंनी डुकरं मारून टाकली. ती साथ माणसामाणसांत पसरत होती, डुकरं मारून काय थांबणार होती? २०१५ च्या मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेनं ठरवून टाकलं की नव्या रोगाच्या नावात गाव नको, देश नको, माणसाचं नाव नको, प्राणी नको, कुणाचा व्यवसाय नको आणि घाबरवणारे शब्दही नकोत. म्हणून ११ फेब्रुवारी २०२० ला जिनिव्हात त्यांनी नाव जाहीर केलं ते कोविड-१९. कोरोनातला को, व्हायरसमधला वि, रोगासाठीच्या इंग्रजी शब्दाचा ड आणि २०१९ चा १९. त्याच दिवशी विषाणूंची नावं ठरवणाऱ्या वेगळ्या समितीनं विषाणूला सार्स-कोव्ह-२ म्हटलं. म्हणजे रोगाचं नाव वेगळं, विषाणूचं वेगळं आणि कोरोना हे घराण्याचं. आपण तिन्ही एकात कालवली आणि ‘कोरोना झाला’ म्हणू लागलो. तेवढंही चाललं असतं. पण वर्षभरानं जगभर बी.१.६१७ ला ‘भारतीय’ म्हणू लागले तेव्हा आपल्याला कसं झोंबलं, आठवतंय? परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांकडे लोक वळून बघायचे. ३१ मे २०२१ ला त्या प्रकारांना ग्रीक अक्षरं दिली, त्यातला एक डेल्टा झाला आणि आपल्या देशाच्या कपाळावरचा शिक्का थोडा पुसला. तुला ‘कोरोनावाले’ म्हणत होते तेव्हा मला हेच हवं होतं. कुणीतरी उठावं आणि म्हणावं, हिला नाव आहे.

माझ्या लॅबच्या कपाटाच्या आतल्या बाजूला एक कात्रण चिकटवलेलं आहे, तू आलीस की दाखवीन. २०२० च्या मार्चमध्ये पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनं सार्स-कोव्ह-२ चा आपल्या देशातला पहिला फोटो छापला. केरळात ३० जानेवारीला निदान झालेल्या, देशातल्या पहिल्या रुग्णाच्या घशातला नमुना. काळ्या पार्श्वभूमीवर एक राखाडी गोल आणि त्याच्या कडेनं आखूड काड्या. आकार ७५ नॅनोमीटर. पद्धत तीच, धातूच्या क्षारानं पार्श्वभूमी काळी करायची. जूननं अर्ध्या शतकापूर्वी हात बसवला होता तीच गेरूची रांगोळी. तेव्हा बाहेर नुसता हलकल्लोळ होता, आणि मला तो फोटो बघून, खरं सांगते, धीर आला. ज्याला आपण बघू शकतो त्याच्याशी दोन हात करता येतात असं वाटलं. जून अल्मेडा २००७ साली गेली. तिला हे दिवस पाहावे लागले नाहीत. पण शोधनिबंधांच्या बळावर तिला पुढे डॉक्टरेटही मिळाली होती हे वाचलं तेव्हा मी कॉरिडॉरमध्ये उभी राहून पोट भरून हसले.

आता चिऊचं बघू. ती बरी होतेय, पण घरघर झालेली आहे, म्हणून दोन-चार दिवस डोळ्यांत तेल घालून राहा. झोपली की तिच्या छातीकडे बघ. श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, ती बोलताना किंवा पिताना मधेच थांबून धापा टाकत असेल, ओठांचा रंग बदलला, मलूल पडली, लघवी कमी झाली, यांतलं काहीही दिसलं तर घड्याळ न बघता डॉक्टरांकडे ने. नाहीतर पेज, सूप, कोमट पाणी घोट घोट देत राहा. अँटिबायोटिक मागू नकोस, विषाणूवर ते चालत नाही. मागच्या वेळचं उरलेलं सिरपही काढून देऊ नकोस. डॉक्टरांनी जे पफ दिले असतील ते सांगितले तेवढे दे. ताप पूर्ण जाऊन ती नीट खेळू लागेपर्यंत शाळा नको, आणि बाईंनी विचारलं तर सरळ सांग, विषाणूची सर्दी आहे.

सासूबाईंना मात्र आजच सांग. त्यांची फुप्फुसं तेव्हापासून नाजूक आहेत. साधं पडसंही त्यांना जड जाऊ शकतं, म्हणून त्यांना कळायलाच हवं. त्यांचा अधिकार आहे तो. चिऊला चार दिवस आजीच्या कुशीत झोपवू नकोस, आजीच्या ताटातला घास नको, खोलीची खिडकी उघडी ठेव, तू आणि चिऊ दोघी मास्क लावा. आणि सांगताना कुजबुजू नकोस. स्वयंपाकघरात त्या भाजी निवडत असतील तेव्हा शेजारी बस आणि म्हण, ‘आई, चिऊच्या रिपोर्टात ओसी४३ नावाचा सर्दीचा विषाणू आलाय. कोरोनाच्या घराण्यातला आहे, पण तो नव्हे. तुमच्या छातीला त्रास नको म्हणून चार दिवस जपायचंय. तुम्हाला जरा जरी खोकला आला तर मला लगेच सांगा.’ मग कागद त्यांच्या हातात दे. त्यांना इंग्रजी येत नसलं तरी दे. ‘आढळला नाही’ ती ओळ बोट ठेवून दाखव.

त्या रडतील कदाचित. त्यांनी पदर कोंबला होता त्याबद्दल तुमच्या घरात कुणीच त्यांच्याशी बोललेलं नाही, पाच वर्षं होऊन गेली. रडल्या तर रडू दे, तू उठू नकोस तिथून.

मी शनिवारी सकाळच्या गाडीनं येतेय. चिऊला सांग, मावशी डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून कदंबाची दोन फुलं आणतेय. एक तिला आणि एक आजीला. आणि सासूबाईंशी बोलून झालं की एक मिस्ड कॉल दे, मी दुपारभर मशीनपाशी आहे, फोन खिशातच ठेवलाय.

तुझी,
ताई